चांदूर बाजारच्या चौकात आई गाडीतच अडकली

गेल्या रविवारी सकाळी आम्ही रिद्धपूरजवळच्या एका संत्र्याच्या बागेतून निघालो आणि एक वस्तू तिथेच विसरलो. वस्तू साधी होती, पण तिच्यामुळे सगळी ट्रिपच बदलली…

आधी गाडीबद्दल सांगतो. मागच्या वर्षी आम्ही एक जुनी स्कूल व्हॅन घेतली आणि अकोल्याच्या एका फॅब्रिकेटरकडून तिची कॅम्पर करून घेतली. दोन बाकं, त्यांचाच रात्री पलंग, मागे छोटा ओटा, छतावर पाण्याची टाकी. फक्त गाडी जमिनीपासून बरीच उंच आहे, म्हणून आईसाठी दोन पायऱ्यांचा एक लोखंडी घोडा बनवून घेतला.

आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. त्यानंतर वर्षभर ती अमरावतीच्या आमच्या फ्लॅटमधून दवाखान्याशिवाय कुठेही गेली नव्हती. "मी तुमच्या मधात कायले" हे तिचं ठरलेलं उत्तर. प्रज्ञाने, म्हणजे माझ्या बायकोने, महिनाभर मागे लागून तिला चिखलदऱ्यासाठी तयार केलं होतं.

शनिवारचा मुक्काम बेबीताईंच्या बागेत होता. साठीच्या बाई, मुलं पुण्याला, बाग स्वतः बघतात. त्या महानुभाव पंथाच्या, म्हणून दंडवत म्हणाल्या, आई जय भीम म्हणाली, आणि दोघी जेवण झाल्यावर खाटेवर गप्पा मारत बसल्या. मी गाडीत चिखलदऱ्याचे पॉइंट आणि वेळा जुळवत होतो…

सकाळी बेबीताई म्हणाल्या, जेवून जा. मी म्हटलं, नको, ऊन व्हायच्या आत घाट चढायचाय. त्यांनी आणखी दोनदा म्हणून पाहिलं. मी हात जोडले आणि सामान आवरायला घेतलं.

टेबल, खुर्च्या, शेगडी, सिलिंडर, ताडपत्री, पाण्याचा पाईप, चाकाखालचे ठोकळे… एकेक वस्तू लिस्टवर टिक करत भरली. घोडा मात्र शेवटपर्यंत बाहेर लागतो. आई त्याच्यावर पाय ठेवून चढली, प्रज्ञाने आतून दार ओढलं, मी स्टेअरिंगवर बसलो. तो उचलणं माझं काम की प्रज्ञाचं, हे कधी ठरलंच नव्हतं.

अर्ध्या तासाने चांदूर बाजारला चहासाठी थांबलो. दार उघडलं, घोडा ठेवायला हात घातला… घोडा नाही.

चहावाल्याने प्लास्टिकचं स्टूल दिलं. आईने त्यावर एक पाय टेकवला, स्टूल हललं, आणि तिने झटकन पाय वर घेतला. मी म्हटलं, उचलून खाली घेतो. ती चौकातल्या माणसांकडे बघून नको म्हणाली.

प्रज्ञाने चहा आत नेऊन दिला. आईने तो घेतला नाही. का ते मला जरा वेळाने कळलं… चहा घेतला की थोड्या वेळाने उतरावं लागणार, आणि उतरायचं कसं?

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "मले घरी सोडून दे बापू. तुमी दोघं जा चिखलदऱ्याले."

चिडली असती तर बरं झालं असतं. वर्षभर ज्याची तिला भीती होती, ते मी माझ्या घाईने भर चौकात तिच्यापुढे आणून ठेवलं होतं.

बेबीताईंना दोनदा फोन केला, उचलला नाही. गाडी वळवली.

बागेच्या फाटकातून आत शिरलो तर समोर धूर. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांचा आर पडलेला, त्यात कणकेचे गोल रोडगे भाजायला घातलेले, आणि बेबीताई चक्क आमच्या घोड्यावर बसून चिमट्याने ते उलटत होत्या.

मला खरं सांगायचं तर राग आला. मी विचारलं, आम्ही निघताना घोडा खाली राहिलेला तुम्हाला दिसला नव्हता का?

त्या म्हणाल्या, दिसला. मी म्हटलं, मग आवाज का नाही दिला?

"आवाज देल्ला असता तं जेवून गेले असते काय तुमी?" एवढं बोलून त्या उठल्या, घोडा पुसला, स्वतः गाडीच्या दाराशी आणून ठेवला आणि आईला हात दिला. मग म्हणाल्या, "रात्री तुमी म्हनलं ना बाई, रोडगे खाऊन लय वर्षं झाले. मी पहाटेच कणीक मळून ठेवली होती."

आई चौकात अडकली होती हे प्रज्ञाने सांगितलं, तेव्हा मात्र बेबीताईंचा चेहरा उतरला. त्यांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. त्या आईची माफी मागू लागल्या, आणि आई हसायला लागली… डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

रोडगे खाऊन लय वर्षं झाले, हे आईने मलाही कधी सांगितलं असेल. मला आठवत नाही. बेबीताईंनी एकदा ऐकलं आणि पहाटे उठून कणीक मळली.

तूप ओतून कुस्करलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. आईने दोन खाल्ले. जेवण झाल्यावर मी घड्याळ बघत म्हटलं, आता निघालो तरी संध्याकाळपर्यंत पोचू. आईने खाटेवर आडवं होत सांगून टाकलं की ती आज कुठेही येणार नाही.

चार वाजता त्या दोघी बागेतून विहिरीपर्यंत चालत गेल्या. आई ऑपरेशननंतर एवढं लांब पहिल्यांदाच चालली. मी मागून जायला निघालो, तर प्रज्ञाने हात धरून थांबवलं.

चिखलदरा राहून गेला, पण त्याचं काही वाटत नाही. बेबीताई फेसबुकवर नाहीत, त्यामुळे हे त्या वाचणार नाहीत. आभार फोनवर मानावे म्हणून तीनदा लावून पाहिला… तिन्ही वेळा बिझी. पलीकडच्या खोलीतून आईच्या हसण्याचा आवाज येत होता.