मॉनिटर दिराचा, डबा वहिनीचा

नल्लकुंट्याच्या एका गल्लीत एक बातमी बरेच दिवस फिरत होती. वाटणीच्या दिवशी म्हणे त्रिवेणीबाईंनी घरातला कॉम्प्युटर करवतीनं मधोमध कापला आणि अर्धा दिराच्या अंगावर फेकला. बातमी निघाली शेजारच्या शोभाकाकूंच्या ओट्यावरून. भाजीच्या बंडीपर्यंत जाऊन परत आली तेव्हा तिच्यात विळाही आला होता आणि थोडं रक्तही. खरं विचाराल तर करवत नव्हती, विळा नव्हता. बाईंनी नुसत्या वायरी काढल्या होत्या. पण करवतीनं झालं नसतं ते त्या वायरींनी केलं, हे कळायला दिराला दोन वर्षं लागली.

त्रिवेणीबाईंचे यजमान अनंतराव गेले. वर्षश्राद्धाची भांडी विसळून होतात न होतात तोच त्यांचा धाकटा भाऊ शिवराज वाटणी मागायला उभा राहिला. हा शिवराज प्लॉटांचा दलाल. शहराबाहेरचं माळरान दाखवून 'इथं उद्या कंपन्या येणार' म्हणायचा, आणि दिवसच असे आले होते की लोकांना ते पटायचं. मध्यस्थीला दोघा भावांचे नामदेवमामा आले. मामांची उभी हयात तहसिलीत गेलेली, बांधावरचं झाड सावलीसकट वाटून देणारा माणूस. त्यांचा रिवाज जुना: थोरल्यानं वाटे पाडायचे, धाकट्यानं आधी उचलायचा. थोरला उरला नव्हता, म्हणून वाटे पाडायचं काम त्याच्या बायकोकडे आलं.

भांडी झाली, कपाटं झाली. घराचा पुढचा भाग, जिथं अनंतरावांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती, तो बाईंना, मागचा शिवराजला. राहिला कॉम्प्युटर. अनंतरावांनी कुणाच्या तरी ऑफिसातून जुना उचललेला. बाईंनी एका बाजूला मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर ठेवला, वर झालरीची प्लास्टिकची कव्हरंही ठेवली. दुसऱ्या बाजूला नुसता पत्र्याचा डबा; यंत्राचं डोकं मात्र त्यातच. शिवराजनं श्वास घेण्याएवढाही विचार केला नाही. जिथं अक्षरं दिसतात तो कॉम्प्युटर, हे त्याचं ज्ञान. ढीग कवेत घेऊन वर म्हणाला, "वहिनी, तुम्हांला आपले डबेच बरे."

बाईंनी मान खाली घातली. बिचारी, असं शोभाकाकू म्हणाल्या. बिचारी हसत होती.

चालवायला दोन्ही वाटे एकत्र लागतात, हे मामांना समजावून सांगितल्यावर त्यांनी अट घातली. टेबल मधल्या खोलीत, सामाईक. सकाळ बाईंची, संध्याकाळ शिवराजची. आपापल्या वाट्याचा खर्च ज्यानं त्यानं करायचा आणि दुसऱ्याच्या वाट्यात कुणी हात घालायचा नाही.

सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत त्या यंत्राची पार रया गेली. मराठीत 'क' दाबावा, उठून तव्यावरची पोळी उलटून यावी, तेव्हा कुठं 'क' उमटलेला असायचा. आणि बाईंचं घर तर नारायणगुड्याच्या एका मराठी शाळेच्या प्रश्नपत्रिकांवर चालत होतं. टायपिंग शिकायला आता कुणी फिरकत नव्हतं. मुख्याध्यापिका मेघना मॅडम गोड आवाजात म्हणाल्या होत्या, "पालक इंग्रजी शाळांचे पेपर आणून दाखवतात हो. या सहामाहीला वेळेवर आणि नीट आलं नाही तर आबिड्सच्या प्रेसला देईन. मनात ठेवू नका." शाळेचं काम गेलं की बाईंना पुढची खोली सोडावी लागणार, आणि मग तिचं काय करायचं, याचा बेत शिवराजच्या डोक्यात तयार होता. तिथं त्याला प्लॉटांचं ऑफिस थाटायचं होतं. तो तर दाराची मापंही घेऊन गेला होता.

बाईंनी अनिल मेकॅनिकला बोलावलं. शिवराज कमरेवर हात ठेवून शेजारी उभा, आपल्या कीबोर्डला कुणी बोट लावत नाही ना ते बघत. अनिलनं डबा उघडून टॉर्च मारला.

"अम्मा, मेमरी कम है. भर गई तो सामान हार्ड डिस्क पे फेंकता, फिर उठाके लाता. इसीलिए वो लाल बत्ती बुझतीच नै."

"प्रोसेसर नवा घातला तर?"

"उसकू बोर्ड नया होना. बोर्ड बदले तो सबीच बदलना."

"आणि हार्ड डिस्क मोठी घेतली?"

"जागा मिलती, स्पीड नक्को पूछो. चार खांचे खाली पड़े हैं, मेमरी डालो."

बाईंच्या गाठीला एकाच वस्तूपुरते पैसे होते. त्यांनी मेमरीच्या पट्ट्या ठरवल्या आणि दिराकडे वळल्या. "निम्मं द्या भावजी. संध्याकाळी तुमचाही वेळ वाचेल."

"तुमच्या डब्यात माझा पैसा कशाला? मामांनी काय सांगितलंय? आणि हळू चालतो तो मॉनिटर जुना म्हणून. कलर आणला की बघा कसा पळतो."

"टीव्ही रंगीत घेतला म्हणून बातम्या लवकर लागत नाहीत."

"वहिनी, तुम्ही आपलं टायपिंग शिकवा. कोण येत असेल तर."

ते शेवटचं वाक्य बाईंना वर्मी लागलं. दाखवलं नाही, पण त्या दिवशी वरणात मीठ दोनदा पडलं.

चारच दिवसांत शिवराज पार्कलेनच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून ऑटोत बसून रंगीत मॉनिटर घेऊन आला. जुना त्यानं तिथंच बदलीत देऊन टाकला होता, कुणाला न विचारता. विचारायचं कशाला, वाटा त्याचा. हार घातला, नारळ फोडला, आणि प्लग डब्याला लावायला गेला तर प्लग बसेना. वाकवून बघितला, उलटा करून बघितला. पुन्हा अनिल आला. म्हणाला, जुन्या मॉनिटरचं कार्ड वेगळं, याला रंगीत कार्ड लागतं. कार्ड बसतं डब्यात.

"मग बसव ना," शिवराज म्हणाला.

त्रिवेणीबाईंनी डब्यावर हात ठेवला. "दुसऱ्याच्या वाट्यात हात घालायचा नाही. मामा म्हणाले होते ना, भावजी?"

"ठीक आहे. तुमचे पेपर कसे निघतात तेच बघतो."

आता आली पंचाईत. जुना मॉनिटर गेलेला, नवा मुका. बाईंनी स्वतःच्या पैशानं कार्ड घेतलं तर दिसेल, पण गोगलगाय तशीच. पट्ट्या घेतल्या तर पळेल, पण आंधळं. आणि उरलेले पैसे मागायला जायचं तर त्या माणसाकडे, ज्यानं दाराचं माप घेतलंय. बाई पुढच्या खोलीत बसून राहिल्या. समोर रांगेनं टाइपरायटर. त्यांतल्या मराठी यंत्रावरचं कव्हर त्यांनी ओढून काढलं आणि सायक्लोस्टाइलची स्टेन्सिल चढवली.

सगळी सहामाही त्यांनी जुन्या रीतीनं काढली. बोटं शाईनं काळी, नाकावरही एक बोट उमटलेलं. पेपर वेळेवर पोचले. मेघना मॅडमनी एक कागद कोपऱ्याला धरून उचलला, मेलेली पाल उचलावी तसा. "त्रिवेणीबाई, हे शेवटचं. वार्षिकला असं चालणार नाही."

परत येताना बाई मुद्दाम शोभाकाकूंच्या ओट्यापाशी थांबल्या. "मॅडम खूश झाल्या हो. म्हणाल्या, कॉम्प्युटरचं नकोच, पुढंही असंच द्या." गल्लीनं आपलं कर्तव्य चोख बजावलं. चहाच्या वेळेपर्यंत ते शिवराजच्या बायकोच्या कानात होतं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत शिवराजच्या घशात.

त्यात रविवारी झहीराबादहून प्लॉटचं गिऱ्हाईक आलं. 'कॉम्प्युटरवर रंगीत लेआउट दाखवतो' असं शिवराज सांगून बसलेला. मंडळी हार घातलेल्या काळ्या काचेसमोर बसली, चहा प्याली. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "लाइट गेलीय का?" पंखा तर गरगरत होता. मंडळी उठून गेली ती पुन्हा आलीच नाही.

शिवराजनं मामांना बोलावून आणलं. मामांनी ऐकून घेतलं आणि तंबाखू मळत म्हणाले, "आधी तूच उचललंस ना? मग मला काय विचारतोस, तिला विचार."

"वहिनी, कार्ड घालू द्या."

"घाला. पण डबा उघडेल तो एकदाच. कार्ड आणि मेमरीच्या पट्ट्या बरोबर बसतील. दोन्ही तुम्ही आणायचं."

"म्हणजे तुमच्या डब्याचा खर्च मी करू?"

"डबा माझा. नड तुमची."

"तुमची नाही?"

"मला स्टेन्सिल पुरते." बाईंनी शाईची बोटं पदराखाली घेतली.

शिवराज चार दिवस पार्कलेनला भाव विचारत फिरला. पाचव्या दिवशी अनिलला घेऊन आला, तेही बाईंकडे न बघता. कार्ड बसलं, चारही खाचांत पट्ट्या बसल्या. पडदा उजळला. बाईंनी 'वार्षिक परीक्षा' टाइप केलं आणि अक्षरं बोटांच्या मागोमाग धावत आली. लाल दिवा लुकलुकला आणि विझला. शिवराजला रंग दिसले, पण ते बघायचा आनंद काही त्याला होईना. स्क्रू आवळत असलेल्या अनिलच्या डोक्यावरून तो म्हणाला, "लक्षात असू द्या वहिनी, त्या पट्ट्या माझ्या पैशाच्या आहेत. मनात आलं तर केव्हाही काढून नेईन."

त्रिवेणीबाई टाइप करता करता म्हणाल्या, "न्या की भावजी. उशाखाली ठेवून झोपा, निदान झोपेत तरी डोकं चालेल."