राख टाकलेल्या वाफ्यातला पालक

सत्तरच्या दशकात मी नागपुरात माती तपासणीच्या एका प्रयोगशाळेत मदतनीस होतो. एक दिवस लकडगंजच्या मागच्या अंगाला भाजी पिकवणारी एक बाई पुडीत माती बांधून घेऊन आली. तिच्या वाफ्यांना लागूनच जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचं काम चालायचं. तिचा पालक उगवायचा आणि पिवळा पडून तिथंच खुंटायचा.

माती आंबट निघाली, आणि शिशानं भरलेली. नंतर तिनं आणून दिलेल्या पिवळ्या पानांतही शिसं निघालं. राखेनं आंबटपणा कमी होतो, शिसं मातीतच अडकून राहतं आणि झाडात कमी चढतं, एवढं मी वाचलं होतं. प्रयोगशाळेच्या साहेबांना विचारून मी रामटेककडच्या एका राइस मिलमधून धानाच्या तुसाची राख पोत्यांनी आणवली. बाईनं ती स्वतःच्या हातानं वाफ्यात कालवली. दीड महिन्यात पालक असा तरारला की मीच पाहत राहिलो.

"आता पोराईले खाऊ घालू का, साहेब?" तिनं विचारलं.

पानं अजून तपासायची होती. पण ती मोठ्या विश्वासानं पाहत होती, आणि मलाही आपण कुणीतरी झाल्यासारखं वाटत होतं.

"घाला ना, काही होत नाही," मी म्हणालो.

तिनं दोन जुड्या माझ्या हातात दिल्या. घरी बायको त्या निवडायला बसली, तेव्हा मी म्हणालो, "तो पालक नको करू."

"काहून? चांगला तं आहे."

"टाकून दे म्हटलं न."

तिनं टाकला. मी वरणभात जेवलो. त्या बाईच्या चुलीवर काय शिजत असेल ते मला माहीत होतं. तरी पुढचे पंधरा दिवस मी तिकडे फिरकलो नाही, आणि पानं तपासायचंही टाळत राहिलो.

शेवटी तपासली. आधीच्या पिवळ्या पानांपेक्षा शिसं कमी होतं, पण खाण्याजोगा पालक तो नव्हता.

मी गेलो तेव्हा ती पालकच कापत होती. सांगितल्यावर तिनं विळा खाली ठेवला.  मग म्हणाली, "तुमच्या घरी बी खाल्ला असंल न, साहेब? लेकराईले काही झालं तं नाही?"

"नाही, काही झालं नाही," मी म्हणालो. आम्ही तो टाकून दिला होता, ते सांगितलं नाही.

तिच्या दोन्ही पोरांना मी सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. त्रास दिसत नव्हता. ती भाजी बंद करा आणि लक्ष ठेवा, असं डॉक्टर म्हणाले. "या साहेबानं सांगतलं म्हणून समजलं," ती त्यांना म्हणाली. मी मान खाली घालून बसलो.

पुढच्या हंगामात तिनं तिथं झेंडू लावला. राखेचा उपयोग झाला, असं साहेबांनी अहवालात लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. तो पालक का टाकायला लावला, ते बायकोला मी बऱ्याच वर्षांनी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "हे तुम्ही तिले सांगायले पाहिजे होतं."