अक्काचे पाय जमिनीपासून सुटले तेव्हा

फोन आला तेव्हा मी उस्मानपुऱ्यात एका उंच शिरीषावर होतो. खाली दोर धरून उभ्या असलेल्या शकीलभाईंनी तो घेतला, ऐकला आणि हात वर करून फांद्या कापायचं कटर बंद करायची खूण केली. "नीचे आ," एवढंच म्हणाले. त्यांच्या आवाजावरूनच कळलं, घरचं काहीतरी आहे. उतरायला फार वेळ लागला... पानं नेहमीसारखीच हलत होती. दुपारी जरा पडते म्हणून आडवी झालेली अक्का उठलीच नव्हती.

प्रमिलाअक्का माझी थोरली बहीण. झाडं छाटायचा आमचा धंदा पुंडलिकनगरातल्या तिच्या घरातून चालायचा. गिऱ्हाइकांशी ती बोलायची, झाडावर मी चढायचो, खालून शकीलभाई सांभाळायचे. सुरुवातीला आमच्याकडे एक कटर आणि साधा सुती दोर होता. थोडे पैसे हाताशी आले तेव्हा मी म्हणालो, "दुसरं कटर घेऊ. एक बिघडलं की काम अडतं."

"अन् तू बिघडला तर?" अक्का म्हणाली.

तिनं कमरेला आणि मांड्यांना आवळायचा बेल्ट मागवला, सोबत चांगले दोर. मी फुगून बसलो. बेल्ट आला तशी ती शेजारच्या मुलीचा सलवार-कुर्ता मागून, घालूनच बाहेर आली. "आधी मी बसते." अंगणातल्या कडुलिंबाला दोर टाकून आम्ही तिला वर ओढलं. पन्नाशी ओलांडलेली अक्का हळूहळू गोल फिरत होती, डोळे मिटलेले, अंगावर लिंबाची सावली सरकत होती.

"उतरवू का?"

"थांब की. लई बरं वाटायलंय..." मग डोळे न उघडताच म्हणाली, "आबांनी झोका बांधला होता बघ लहानपणी. त्याच्यानंतर आज सुटले पाय जमिनीपासून."

पुढं छावणी भागात एका जुन्या चिंचेवर काम होतं. अक्का आमचा डबा घेऊन आली होती. मी वाळकं लाकूड उतरवत असताना पायाखालची फांदी कडाडली आणि गेली. मग दोराचा हिसका... आणि मी लोंबकळत होतो. बंद पडलेलं कटर माझ्याखाली दोरीला झुलत होतं. चिंचेची बारीक पानं माझ्याभोवतीनं सावकाश खाली चालली होती, जणू त्यांना कसलीच घाई नव्हती. अक्का ओरडली नाही. बरोबर माझ्याखाली येऊन तिनं वर पाहिलं.

"खेळून झालं असंल तर ये खाली. भाकरी गार व्हायलीय."

खाली आलो तर तिला डब्याचं झाकण उघडेना. शेवटी शकीलभाईंनीच ते उघडलं.

संध्याकाळी ती म्हणाली, "घे आता तुझं कटर." मी म्हणालो, "नाय. शकीलभाईंनाही वर चढावं लागतं कधी. दुसरा बेल्ट घेऊ." तिनं माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.

पावसाळ्यात भिजलेले दोर कुजू नयेत म्हणून ती ते पुढच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टांगायची. तिनं शेवटचे टांगलेले दोर अजून तसेच आहेत, केव्हाच वाळलेले. "उतार दूँ क्या?" शकीलभाईंनी विचारलं. मी नको म्हणालो. भेटायला अजून माणसं येतात. दारात चपला काढतात, दोरांखालून मान वाकवतात आणि मग आत येऊन बसतात.