मळ्यावरून उपाशी जायचं नाही

शेळ्या पाळल्या की लेंडीखत साचतं, आणि पाद्री पाळला की किस्से. दोन्हींचा ढीग कुणी मुद्दाम घालत नाही. बहात्तरच्या दुष्काळानंतर भोकरदनच्या वाटेवर आमच्या मिशनचा मळा सुरू झाला. मळा पाद्रीबाबा बघायचे, स्वयंपाकघर मी. गावच्या लोकांना बियाणं, कोंबड्या, शेळ्या द्यायच्या आणि आल्यागेल्याला जेवू घालायचं, एवढंच काम. हुकूम त्यांचा, भाकरी माझ्या.

*

एकदा मळ्यासमोर एसटी बंद पडली. पाद्रीबाबांनी कंडक्टरसकट अख्खी बस आत आणली. माझ्या पातेल्यात आठ माणसांचं पिठलं. मी तीनदा पाणी वाढवलं, तिखट-मीठ टाकलं आणि मान खाली घालून वाढत राहिले.

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, पिठलं ताटात थांबून न्हाई राह्यलं."

पाद्रीबाबा शांतपणे म्हणाले, "प्रभूनं पाण्याचा द्राक्षारस केला. आमच्या सुशीलाबाईंनी पिठलं केलंय. गोड मानून घ्या."

*

आम्ही पुण्याहून पांढऱ्या विलायती कोंबड्या आणल्या. शेजारच्या गावचे शामराव रोज येऊन त्या बघायचे. एक दिवस डझनभर अंडी नेऊन त्यांनी आपल्या गावठी कोंबडीखाली ठेवली. एकवीस दिवस झाले, पंचवीस झाले. कोंबडी उठेना, अंडं फुटेना.

सव्विसाव्या दिवशी शामराव टोपली घेऊन हजर. "बाबा, तुमच्या कोंबड्या ब्रह्मचारी हायेत का?"

होत्याच. मळ्यात कोंबडाच नव्हता. अंड्यांना तो लागत नाही, हे पाद्रीबाबांना ठाऊक होतं. पिल्लांना लागतो, हे सांगायचं राहून गेलं.

*

हेच शामराव रविवारी प्रार्थनेलाही येऊन बसायचे. देव त्यांचा विठोबा, पण चहा आमचा आवडायचा. त्या दिवशी पाद्रीबाबा पेरणाऱ्याचा दाखला सांगत होते. त्याचं काही बी वाटेवर पडलं, काही खडकावर, काही काट्यांत.

शामराव उठून उभे राहिले. "बाबा, त्याला कुणी पाभर दिली न्हाई का?"

पाद्रीबाबांनी पुस्तक मिटलं. उरलेला वेळ पेरणीच्या अवजारांवर गेला, आणि त्या रविवारी पहिल्यांदाच कुणी डुलकी घेतली नाही.

*

शेळ्यांच्या बाबतीत मात्र पाद्रीबाबांचा पक्का नियम होता. ज्या घराला शेळी मिळाली, त्यानं तिचं पहिलं मादी करडू दुसऱ्या घराला द्यायचं. आणि नेणाऱ्यानं देणाऱ्याच्या घरात बसून जेवायचं. जेवण नाही, तर करडू नाही.

बौद्ध वस्तीतल्या कौसल्येचं करडू मोठं झालं. यादीत पुढचं नाव वरच्या आळीतल्या रखमाबाईचं. विधवा बाई, पदरात दोन लेकरं. करडाची तिला फार गरज होती, पण वरच्या आळीतलं कुणी वस्तीत पाणीसुद्धा प्यायचं नाही.

पाद्रीबाबा आणि मी कौसल्येकडे जाऊन बसलो. रखमाबाई आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. "आज मला सोमवार हाय."

"मंग उद्या ये," कौसल्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी रखमाबाई म्हणाली, "मंगळवार धरलाय."

"बराबर. उद्या ये."

बुधवारी ती परत आली, आम्हीही होतोच. बुधवारचा उपास कोणता, ते तिला बराच वेळ आठवेना. तोवर करडू तिच्या लुगड्याचा पदर चघळायला लागलं.

कौसल्येनं आत ताट मांडलं. भाकरी आणि अंबाडीची भाजी. मग करडाची दोरी आणून रखमाबाईच्या हातात दिली. "जेव नाहीतर नको जेवू. हे घेऊन जा. बाबांचं मी बघते."

पाद्रीबाबा काही बोलणार, तोच मी त्यांचं कोपर दाबलं.

रखमाबाई दोरी हातात धरून उभी राहिली. मग तिनं ती दाराच्या कडीला बांधली, आत आली, ताटावर बसली. भाकरी मोडली. एक घास बराच वेळ चावत राहिली. आम्ही सगळे उगाच आढ्याकडं बघत होतो.

"मीठ कमी पडलंय गं," ती म्हणाली.

कौसल्येनं मिठाचं गाडगं तिच्याकडं सरकवलं. "हातानं घे."