निशिकांतरावांचं चहाचं आमंत्रण

सिंगापूरमधल्या बेडोकच्या आमच्या ब्लॉकमध्ये मराठी घरं दोनच. चौथ्या मजल्यावर आम्ही आणि बाराव्यावर निशिकांतराव. वय अडुसष्ट. तीस वर्षं जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत इंजिनिअर होते. इतका भिडस्त माणूस मी दुसरा पाहिला नाही. खाण्याच्या स्टॉलांच्या हॉकर सेंटरमध्ये भलतंच जेवण पुढ्यात आलं, तरी मुकाट्याने खाऊन, वर थँक्यू म्हणून उठतील. अशा माणसांचा मला मनापासून राग येतो.

तीन वर्षांपूर्वी त्यांची बायको नीलिमा गेली. मुलगा टोरांटोला. त्यानेच यंदा मागे लागून बाबांना डॅन्यूब नदीवरच्या क्रूझला पाठवलं, पुण्याच्या एका टूर कंपनीबरोबर. हे परत आले ते वेगळेच होऊन. लिफ्टमध्ये भेटले की किल्ले नाहीत, चर्च नाहीत, नुसतं जेवणाचं टेबल. बोटीवर प्रत्येकाचं टेबल ठरलेलं असायचं. यांच्या टेबलावर पुण्याचे हेमचंद्र आणि कादंबरी हे जोडपं होतं.

"आठ रात्री रोज तिघं जेवायला, शैलाताई," ते मला म्हणाले. "कादंबरीवहिनी वाढताना विचारायच्याच नाहीत. सरळ पानात घालायच्या."

मी हसले. नंतर घरी आल्यावर मला ते हसणं जरा लागलं.

ते जोडपं पुढे दोन आठवडे आपलं आपण युरोपात फिरणार होतं आणि मग मेलबर्नला मुलीकडे जाताना एक दिवस सिंगापूरला उतरणार होतं. सकाळी सातला यायचं, रात्री साडेनऊचं विमान. निशिकांतरावांनी त्या एका दिवसाची तयारी आठवडाभर केली. सकाळी बोटॅनिक गार्डन, दुपारी मरीना बे, चारला लिटिल इंडियात खरेदी, आणि साडेपाचला घरी. घर एअरपोर्टच्या वाटेवरच. त्यांना त्या दोघांना आपल्या टेबलावर जेवायला बसवायचं होतं. बाकी सगळं फिरणं त्यासाठीच होतं. नीलिमा गेल्यापासून त्या टेबलावर दुसरं ताट मांडलं गेलं नव्हतं.

माझ्याकडून ते मोठं पातेलं घेऊन गेले. चक्क्यासाठी दही किती वेळ टांगायचं, मसालेभातात तोंडली केव्हा घालायची, सगळं कागदावर लिहून घेतलं. आदल्या संध्याकाळी मी वर डोकावले, तर श्रीखंड फ्रिजमध्ये होतं आणि टेबलावर तीन ताटं पालथी घालून ठेवलेली.

"त्यांना सांगितलंत ना जेवायला यायचं?" मी विचारलं.

"तसं सुचवलंय. चहाला या म्हटलंय."

"चहाला?"

"जेवायला म्हटलं की त्यांच्यावर दडपण येतं हो. एकदा घरात आले की बसतीलच."

मला हात कपाळावर मारून घ्यावासा वाटला. पण परक्याच्या घरात किती बोलायचं? मी खाली आले.

पुढचं मला ते दोघं येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. निशिकांतराव पातेलं परत द्यायला आले, तेव्हा दारातच उभं राहून त्यांनी सांगितलं. मी खोदून विचारलं म्हणून.

दिवस झकास गेला होता. ऑर्किडसमोर फोटो झाले, मरीना बेला कादंबरीबाईंनी आइस्क्रीम खाल्लं, लिटिल इंडियात मुलीसाठी मसाले घेतले. सगळं ठरल्याप्रमाणे. पावणेसहाला तिघं सामानासकट टॅक्सीत बसले. बेडोकचा फाटा जवळ आला तेव्हा यांनी पुढच्या सीटवरून मागे वळून म्हटलं, "इथंच माझं घर. वेळ असेल तर चहा घेऊ."

"आता चहाबिहा नको," हेमचंद्र म्हणाले. "एकटा माणूस तुम्ही. दिवसभर आमच्यामागे फिरलात, आता घरी येऊन आमच्यासाठी आधण ठेवणार?"

"खरंच नको हं," कादंबरीबाई म्हणाल्या. "एअरपोर्टवर काहीतरी खाऊ आम्ही. तुमची दगदग नको."

टॅक्सीवाल्याने विचारलं, "अंकल, बेडोक ऑर एअरपोर्ट?"

"एअरपोर्ट," निशिकांतराव म्हणाले.

बस, एवढंच. स्वयंपाक तयार आहे, या तीन शब्दांत काम झालं असतं. ते शब्द या गृहस्थांच्या तोंडून निघाले नाहीत. एअरपोर्टवर त्या दोघांनी यांना थांबूसुद्धा दिलं नाही. तुम्ही दमलात, घरी जा म्हणाले. साडेसहाला हे घरी पोचले, तेव्हा विमानाला तीन तास होते.

त्यांनी मोबाइल माझ्यासमोर धरला. संध्याकाळी सातला क्रूझच्या ग्रुपवर कादंबरीबाईंचा मेसेज आला होता. 'निशिकांतरावांनी सिंगापूर फार सुंदर दाखवलं. आता गार सँडविच खात बसलोय. तीन आठवडे झाले, कुणी घरचा वरणभात वाढला तर त्याचे पाय धरीन.' पुढे हसरे चेहरे. त्याखाली निशिकांतरावांचं उत्तर, 'सुखरूप पोचा.'

माझा संताप संताप झाला. "अहो, मग तेव्हा तरी फोन करायचा! दहा मिनिटांवर होते ते! तोंड उघडून माणसाने सांगायला नको का, जेवायला या म्हणून?"

ते अगदी साध्या आवाजात म्हणाले, "तुम्ही तरी कधी सांगितलंत, शैलाताई?"

त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. सात वर्षं आम्ही एका ब्लॉकमध्ये राहतो. नीलिमाचं झालं त्या आठवड्यात मी डबे पाठवले होते, मुलीच्या हातून, वर. त्यानंतर लिफ्टमध्ये भेटले की मी म्हणायची, "या एकदा चहाला." ते म्हणायचे, "येतो की." दोघांनाही ठाऊक असायचं की कुणी येणार नाही. मला लाज वाटली. सकाळच्या वेळी, हातात पातेलं धरून, चांगलीच लाज वाटली.

पातेलं जड लागलं. आत मसालेभात होता. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नाही, ही रीत त्यांनी पाळली होती.

"आज दुपारी या," मी म्हटलं. "जेवायला. नक्की या."

"आज नको," ते म्हणाले. "घरी तिघांचं पडलंय अजून. ते संपवायला हवं."

लिफ्ट आली. ते आत गेले, मला हात केला, दार मिटलं. मग आम्हीच येतो ना वर जेवायला, हे मला सुचलं तेव्हा लिफ्ट निघून गेली होती.