भित्रे जोंधळे सर

आमचे जोंधळे सर भित्रे होते. एक नंबरचे भित्रे.

हे मी त्यांच्या माघारी बोलत नाहीये. आम्ही तोंडावर म्हणायचो. ते हसायचे. "व्हय बाबा, हाव आमी भित्रे. काय करता?"

सकाळी ऑफिसात प्रवीणचा फोन आला. सर गेले. नांदेडला, ऑपरेशन चालू असतानाच.

मी पुण्याहून वसमतच्या गाडीत बसलेय, आणि खरं सांगू? पोहोचायचीच भीती वाटतेय. म्हणून हे लिहीत बसलेय.

सर आमचे MCA चे प्रोजेक्ट गाइड. आमच्या कॉलेजात शेवटच्या सेमिस्टरला प्रत्येक टीमला एक खरीखुरी कंपनी द्यायचे. कंपनीची अडचण खरी, सॉफ्टवेअर पण खरं चालणारं पाहिजे. टीममध्ये आम्ही दोघंच, मी आणि प्रवीण. कंपनी मिळाली वसमतच्या बाहेरची, हळदीची.

तिथे रोज भांडण. हळदीत ओल किती, यावरून. ओल जास्त निघाली की भाव पडतो. शेतकरी म्हणणार माल वाळलेला आहे, कंपनीचा माणूस म्हणणार ओला आहे. आम्ही ओल मोजायचं मशीन थेट बाहेरच्या स्क्रीनला जोडून द्यायचं होतं. जो आकडा येईल तो सगळ्यांसमोर. विषय संपला.

सरांचा मात्र विषय कधी संपायचा नाही.

कंपनीच्या गेटवर कुत्रं होतं, तर प्रवीण पुढे, मी मध्ये, सर सगळ्यात मागे. प्रिन्सिपॉलचा फोन आला की खुर्चीतून उठून बोलायचे. फोनवर! प्रोजेक्टचा बॅकअप इतक्या पेनड्राइव्हमध्ये घ्यायला लावला की त्यातला एक सरांच्या घरी मॅडमच्या डाळीच्या डब्यात निघाला.

आम्ही पोट धरून हसायचो.

तासिका तत्त्वावरच्या मास्तरला दर जूनमध्ये पुन्हा घेतील की नाही याची धाकधूक असते, हे आम्हाला कुठे कळत होतं. घरी दोन लेकरं, मॅडमना नोकरी नाही. कंपनीच्या एका तक्रारीवर त्यांचं सगळं लटकलेलं होतं.

डेमोच्या दिवशी मीही घाबरलेली होते. आमच्या गावाहून, कुरुंद्याहून, वडिलांची हळद त्याच कंपनीत जायची. आणि इथे नोकरी लागली नाही तर उन्हाळ्यात लग्न, असं घरी ठरूनच गेलेलं.

डेमो झकास झाला. कंपनीचे मालक, शेठ, खूश. चहा आला, बिस्किटं आली. "दोघांनाबी इथंच घेतो," शेठ म्हणाले.

मी टेबलाखालून प्रवीणला चिमटा काढला.

मग शेठ अगदी सहज म्हणाले, "फक्त एक बारीक काम करा. स्क्रीनवर ओल जराशी जास्त दिसू द्या. समद्या बाजारात हेच चालतं, सर."

आमच्या अण्णांचा माल त्याच स्क्रीनखाली येणार होता. मी सरांकडे पाहिलं.

सरांचा कप बशीवर थडथड वाजत होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी कसाबसा खाली ठेवला.

"शेठ, न्हाई जमनार."

"काहून?"

"मला भीती वाटती."

शेठ हसले. "कोन पकडनार हाय तुमाला? मी बसलोय ना."

"पकडायची न्हाई, शेठ." सरांचा आवाज इतका कापत होता की मला रडू यायला लागलं. "मी लई भित्रा मानूस हाय. हे केलं तर ह्या पोरीच्या बापाला बघून मला रोज धडकी भरंल. जिंदगीभर. एवढी भीती मला झेपत न्हाई. नोकरी जायची भीती... ती बी वाटती. पन ती झेपंल."

शेठचं हसू गेलं.

"मंग उठा," ते म्हणाले.

आम्ही उठलो. बाहेर आल्यावर सरांना स्कूटीची किल्ली लावता येईना. प्रवीणने लावून दिली. मला वाटलं आता काहीतरी मोठं बोलतील. कुठलं काय! म्हणाले, "अश्विनी, ते कुत्रं कुठं हाय बघ बरं."

जूनमध्ये सरांना घेतलं नाही. कारण कोणी सांगितलं नाही, आणि विचारायची सरांची छाती नव्हती. मग वसमतलाच एका शटरमध्ये कॉम्प्युटर क्लास चालवायला लागले. मी अण्णांना बसवून सगळी हकीकत सांगितली. अण्णा म्हणाले, "जा पुन्याला. बघ नोकरी."

गेल्या आठवड्यात सरांचा फोन आला होता.

"लई घाबरून राहिलो ग पोरी. डॉक्टर म्हनला, आपरेशनला आत घरच्या कुनालाच येऊ देत न्हाईत."

काही होत नाही सर, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण असल्या बोलण्याने त्यांची भीती कधी गेलीच नव्हती.

मी म्हणाले, "सर, मी पण खूप घाबरलेय."

ते म्हणाले, "मंग बरं हाय. सोबत झाली."

आज आत तुम्ही एकटेच होता, सर.

मी इकडे ऑफिसात बसून घाबरलेली होते. खरंच होते. समोरच्या स्क्रीनवरचं एक अक्षर दिसत नव्हतं.

माझं ते घाबरणं तुमच्यापर्यंत पोहोचलं का हो?

शेवटचा जय भीम, सर.
तुमची अश्विनी