कुलूपबंद पानावरची ओळ

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही... तरी जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी बीडला कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो. दोन बॅचच्या मधे एका ऑनलाइन ज्ञानकोशासाठी फुकट राबतो — जिल्ह्यातल्या शाळांची पानं सांभाळायची. सांभाळायची म्हणजे काय, तर पोरं येऊन 'हेडसर लई मारतेत' असलं काहीबाही लिहितात, ते पुसायचं. रोज. जीव विटतो, पण सवय सुटत नाही.

मागच्या हिवाळ्यात घाटनांदूरकडच्या एका शाळेच्या पानावर ओळ दिसली — 'कोपऱ्यातल्या खोलीत पोरं बसवू नका.' नाव नाही, संदर्भ नाही. पुसली. सकाळी परत हजर. पुन्हा पुसली... असं कितीदा तरी. शेवटी वैतागून ओळ काढली आणि पानच कुलूपबंद केलं. आता माझ्यासारखे पानांवर देखरेख करणारे मोजके प्रचालक सोडले तर कुणालाच तिथं हात लावता येणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघतो तर ओळ तिथंच! प्रत्येक बदलाची नोंद पानाच्या इतिहासात आपोआप होते. तिथं शेवटचं नाव माझंच — कुलूप लावल्याचं. दुसऱ्या एका प्रचालकाला फोन केला. त्यालाही ओळ दिसत होती. "सर्व्हरची गडबड असेल," म्हणाला, पण त्याचाही आवाज उतरला होता.

माझी मावसबहीण शारदा त्याच शाळेत शिकवते. तिला फोन लावून विचारलं, कोपऱ्यातल्या खोलीत काही धोका आहे का.

"दादा, येडा झालास का? माझी चौथी तिथंच बसती. चांगली खोली हाय की!"

"छताला तडा वगैरे?"

"न्हाई रे. कावून?"

मी ओळ वाचून दाखवली.

"तू कधी उगं फोन करीत न्हाईस," ती म्हणाली. "बसवते उद्या पोरं लिंबाखाली."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर गणित सोडवत असतानाच फोन वाजला. शारदा रडत होती, नीट बोलता येईना. त्या खोलीचा स्लॅब खाली आला होता. बाकं चेपून गेली. पोरं बाहेर पाढे म्हणत होती...

संध्याकाळी पान उघडलं, तर ओळ गायब. मी काढली नव्हती — आणि कुणी काढल्याची नोंदही नव्हती. जाणकारांना विचारून झालं; कुणालाच उलगडा झाला नाही.

परवा शारदा म्हणाली, "दादा, पोरं इचारतेत, आपल्याला सांगितलं कुणी?"

मी म्हणालो, शोधून सांगतो.

अजून सांगता आलेलं नाही.